चंद्र पडतो, आजीला तसंच सांग

नमस्कार सर,

मी नववीत आहे. गाव पारोळा तालुक्यात. मागच्या महिन्यात शाळेत आम्हाला अंतराळ स्थानकाचा व्हिडिओ दाखवला. त्यात शुभांशु शुक्ला तरंगत होते. सर म्हणाले, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात. मी विचारलं, मग ते स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशाला, सुटून निघून का जात नाही? सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, जास्त हुशारी नको, परीक्षेत हेच लिहायचं. घरी अण्णा म्हणतात, सरांशी वाद घालायचा नाही. आजी म्हणते, “ते जाऊ दे, चांद खाले काब्र पडत नही ते सांग.” (चंद्र खाली का पडत नाही?) तेही मला सांगता आलं नाही. आता विज्ञान प्रदर्शन जवळ आलं आहे. मला हाच विषय घ्यायचा आहे, पण मार्गदर्शक सरच आहेत. आणि व्हॉट्सअॅपवर आलं होतं की गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी आपल्या पाटणच्या भास्कराचार्यांनी लावला. ते पोस्टरवर लिहू का? मी काय करू?

– नववीतली एक विद्यार्थिनी

---

तुझा प्रश्न बरोबर होता आणि सरांचं उत्तर चुकलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

पण सरांवर फार रागावू नकोस. मीही विज्ञानाचाच मास्तर. पहिली दहा-बारा वर्षं मी याच्या सख्ख्या भावासारखी चूक शिकवत होतो. फळ्यावर पृथ्वी काढायची, उपग्रह काढायचा, एक बाण आत, एक बाण बाहेर. आतला ओढा आणि बाहेरचा ओढा सारखे झाले म्हणून उपग्रह पडत नाही, असं ठासून सांगायचं. आकृती इतकी नीटस दिसायची की कोणी काही विचारायचंच नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, “सर, दोन्ही सारखे असतील तर ते सरळ जायला पाहिजे ना? वळतं कशाला?” मी त्याला खाली बस म्हटलं. घरी जाऊन पुस्तक उघडलं तर पोरगा बरोबर. त्याला हे सांगायला मला दुसरं सत्र उजाडलं. तुझ्या प्रश्नाची जात तीच आहे.

आता मुद्द्याचं. अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. ४०० म्हटलं की वाटतं, बापरे, केवढं लांब. पण गुरुत्वाकर्षणाचा हिशेब जमिनीपासून करत नाहीत, पृथ्वीच्या केंद्रापासून करतात. केंद्रापासून तू आत्ताच सुमारे ६३७१ किलोमीटरवर बसलेली आहेस. स्थानक आहे ६७७१ वर. एवढ्याशा फरकाने कितीसं घटणार? अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बल कमी होतं, हा नियम लावून तूच गणित कर. उत्तर येईल, जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के. समजा ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर स्प्रिंगचा काटा टांगला, तर इथला १ क्विंटल कापूस तिथे ८८-८९ किलो भरेल. व्यापारी यापेक्षा जास्त कटती लावतात! (दोन पारड्यांच्या तराजूवर मात्र हा फरक कळणार नाही, कारण मापंही तितकीच हलकी झालेली असतील. हे नीट डोक्यात बसलं की वस्तुमान आणि वजन यांतला फरक पुन्हा पाठ करावा लागत नाही.)

म्हणजे त्या मनोऱ्याच्या टोकावर कोणी तरंगणार नाही, पाय रोवून उभं राहील. आणि तेवढ्याच उंचीवरच्या स्थानकात मात्र माणूस तरंगतो. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे तेच. मग वेगळं काय? मनोरा जमिनीवर उभा आहे. स्थानक पडतंय.

हो, पडतंय. तुमच्याकडची पोरं उन्हाळ्यात विहिरीत उड्या मारतात ना? कठड्यावरून पाय सुटल्यापासून पाण्याला लागेपर्यंत पोटात जो गोळा येतो, ती भारहीनता. त्या सेकंदभरात पायाखाली वजनकाटा धरून उडी मारली असती, तर काट्याने शून्य दाखवलं असतं. कारण काटाही तुझ्याबरोबर तेवढ्याच वेगाने पडतोय, त्याच्यावर तुझा भार येणार कसा? शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत १८ दिवस स्थानकावर होते. ते, त्यांची पाण्याची पिशवी, भिंती, यंत्रं, सगळं एकत्र, एकाच चालीने पडत होतं. कोणाचा कोणावर भार नाही, म्हणून तरंगणं. याला पुस्तकी शब्द आहे मुक्त पतन. विहिरीचा तळ सेकंदा-दोन सेकंदांत येतो. ६० फुटी कोरड्या विहिरीत दगड टाकला तर दोन सेकंदांच्या आत तळाला लागतो. स्थानकाला तळ येत नाही, एवढाच फरक.

तळ का येत नाही, हा खरा मजेचा भाग आहे. इथे थोडं थांबून वाच.

आधी घरी एक करून बघ. टेबलाच्या काठावर एक नाणं ठेव, दुसरं बोटाच्या टोकावर काठाबाहेर धर. एकाच क्षणी पहिल्याला टिचकी मारून आडवं उडव आणि दुसरं नुसतं सोड. डोळे मिटून आवाज ऐक. दोन्ही नाणी एकदमच वाजतील. आडवं जाणारं नाणं लांब पडतं, पण उशिरा पडत नाही. आडवा वेग पडण्याला थांबवत नाही. कितीही जोराने आडवं फेक, पहिल्या सेकंदात वस्तू ४.९ मीटर खाली येणारच.

आता गोफण घे. ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकताना आजीने गोफण फिरवलेली असेल, तिला विचार. ही गोफण घेऊन आपण कल्पनेत अस्तंभ्याला जाऊ. सातपुड्यातलं १३०० मीटरच्या वर उंचीचं हे शिखर. दिवाळीत अश्वत्थाम्याच्या यात्रेला लोक रात्री चढतात, तेच. हवेचा अडथळा नाही असं धर, वाटेत डोंगराचा उतारही नाही. माथ्यावरून आडवा दगड सोडला, सेकंदाला ३० मीटर वेगाने. तो १६ सेकंदांनी जमिनीला लागेल, सुमारे अर्ध्या किलोमीटरवर. दहापट जोराने सोडला तर पाच किलोमीटरवर. अजून जोराने, अजून लांब. इथपर्यंत काही नवल नाही.

पण जमीन सपाट नाही, पृथ्वी गोल आहे. आडवं सरळ ८ किलोमीटर गेलं की जमीन आपल्या रेषेपासून साधारण ५ मीटर खाली वळलेली असते. आणि दगड पहिल्या सेकंदात किती पडतो? साधारण ५ मीटर. आलं का लक्षात? एका सेकंदात ८ किलोमीटर जाईल एवढ्या वेगाने दगड सोडला, तर तो जेवढा खाली येतो तेवढीच जमीनही खाली वळते. दगड पडतोय आणि जमीन त्याच्या हाताखालून निसटतेय. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. असा दगड कधीच जमिनीला लागणार नाही. साधारण ८४ मिनिटांनी पृथ्वीला फेरी मारून मागून येईल आणि फेकणाऱ्याच्या पाठीत बसेल. म्हणून फेकून झालं की खाली वाकायचं.

नेमका वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर. जळगावहून भुसावळला पॅसेंजरला जिथे अर्धा तास लागतो, ते अंतर या दगडाचं तीन सेकंदांचं. न्यूटनने हीच कल्पना डोंगरावरची तोफ घेऊन मांडली होती. त्याच्या काळात एवढा वेग देणं कुणाच्या हातात नव्हतं. ते जमलं ४ ऑक्टोबर १९५७ ला, स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या वेळी. रॉकेटचं मुख्य काम उंच नेणं हे नसतं, हा आडवा वेग देणं असतं. सरळ वर ४०० किलोमीटर नेऊन नुसतं सोडलं, तर ते सरळ खाली येईल, आणि मग ‘तिथे गुरुत्वाकर्षण नाही’ म्हणणाऱ्यांना कळेल.

तू विचारलंस की सुटून निघून का जात नाही. गोफणीचाच दगड बघ. दोरीची एक बाजू सोडली की तो गोल फिरत राहत नाही, त्या क्षणी ज्या दिशेला तोंड असेल तिकडे सरळ सुटतो. दोरी आत ओढत होती म्हणूनच तो वळत होता. स्थानकाची दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. ते खरंच शून्य असतं, तर स्थानक कधीच सरळ रेषेत निघून गेलं असतं. तू वर्गात हेच म्हणालीस आणि पोरं हसली. बाहेर ओढणारं दुसरं कुठलं बल तिथे नाही. दगड फिरवताना हाताला जो बाहेरचा ओढा लागतो, तो दगडाने तुझ्या हाताला दिलेला, दगडावरचा नव्हे. माझा तो फळ्यावरचा बाहेरचा बाण तेवढा पुसून टाक.

एक बारीक गोष्ट. स्थानक फिरतं तेव्हा इंजिन चालू नसतं. पण ४०० किलोमीटरवरही अगदी विरळ हवा असते, तिच्यात घासून ते हळूहळू खाली सरकतं आणि अधूनमधून त्याला रॉकेटने वर ढकलावं लागतं. ढकललं नाही तर काय होतं, ते मी आठवी-नववीत असताना पाहिलंय. म्हणजे पाहिलं नाही, घाबरलो. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब, म्हणजे तेव्हाचं त्यांचं अंतराळ स्थानक, खाली येणार होती आणि कुठे पडेल ते कोणाला सांगता येईना. आमच्या गावात पारावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एक गृहस्थ तर उधारी फेडायची थांबले होते, आता कशाला म्हणून. ती ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकडे होऊन पडली. गृहस्थांना उधारी फेडावी लागली.

जितकं लांब, तितकी फेरी सावकाश. स्थानकाची फेरी ९२-९३ मिनिटांची, दिवसाला १५-१६. घरावरच्या डिशचा उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटरवर, त्याची फेरी २३ तास ५६ मिनिटांची. पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते, म्हणून तो एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. डिश बसवणारा पोऱ्या एकदा तिचं तोंड आग्नेयेकडे करून जातो, मग वारा-वादळाने हलवलं तरच परत येतो, त्याचं कारण हे.

आणि चंद्र. आजीचा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षा जुना आणि मोठा आहे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट. साठाचा वर्ग ३६००. म्हणजे तिथे पृथ्वीचा ओढा इथल्या ३६०० व्या भागाएवढा. इथे आंबा झाडावरून सुटला की पहिल्या सेकंदात ४.९ मीटर येतो. चंद्र एका सेकंदात किती यायला हवा? भागून बघ, १.३६ मिलिमीटर, तिळाच्या जाडीपेक्षा जरासं जास्त. आणि त्याच सेकंदात तो आडवा १ किलोमीटर सरकतो. चंद्राची २७.३ दिवसांची फेरी आणि त्याचं अंतर घेऊन तो रेषेपासून किती वळतो ते वेगळं मोजलं, तरी हेच उत्तर येतं. न्यूटनने हा ताळा करून बघितला होता. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने पडतात, हे अशा ताळ्यामुळे म्हणता आलं. मला आजही हे गणित करताना बरं वाटतं, पेन्शनच्या हिशेबापेक्षा नक्कीच.

आजीला सांग, “पडस ना माय, रोज पडस. पन बाजूले बी पयस, म्हनीसन जमीन हाती लागत नही.” (पयस म्हणजे पळतो.) तिला पटेल की नाही माहीत नाही. न पटलं तर एखाद्या संध्याकाळी, दिवस मावळल्यावर तासाभरात, तिला घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, घेऊन बस. स्थानक आपल्याकडूनही दिसतं. कधी दिसणार त्याच्या वेळा मोबाईलवर मिळतात. न लुकलुकणारा ठळक ठिपका पश्चिमेच्या बाजूने येतो आणि पाच-सहा मिनिटांत पूर्वेकडे जातो. तिला दाखव, तो बघ, पडतोय.

भास्कराचार्यांचं मात्र जपून लिही. चाळीसगावजवळच्या पाटणचं आणि त्यांचं नातं खरं आहे. पाटणादेवीला शिलालेख आहे, शके ११२८ चा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्य स्वतः जन्मले त्या विज्जलविड गावाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तेव्हा ‘जन्मगाव पाटण’ असं ठोकून देऊ नकोस. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी म्हटलंय की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातल्या जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडल्यासारखी आपल्याला दिसते. मग ते विचारतात, चारी बाजूंना आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः पडेल तरी कुठे? साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न वाचून मी थक्क होतो. पृथ्वीला शेष, कासव, कुणाचाही टेकू लागत नाही, हे त्यात आलं.

पण अंतर वाढलं की ओढा किती घटतो, तो नियम त्यात नाही. चंद्र याच ओढ्याने बांधलेला आहे, असंही नाही. त्या परंपरेत आकाशातले गोल प्रवह नावाच्या वायूने फिरवले जातात आणि पृथ्वी मध्यभागी स्थिर असते. फळ आणि चंद्र एका नियमात बांधण्याचं काम न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथात झालं, तेही केप्लरने आधी ग्रहांच्या कक्षा मोजून ठेवल्या होत्या म्हणून. तेव्हा पोस्टरवर दोघांनाही लिही, ज्याचं जेवढं तेवढंच. परीक्षक जाणकार असेल तर याच ओळीपाशी थांबेल.

प्रदर्शनात ताणलेल्या चादरीवर गोट्या फिरवणारं ते मॉडेल करू नकोस. दर वर्षी दहा जण करतात. गोटी खाली जाते ती गुरुत्वाकर्षणामुळेच, मग गुरुत्वाकर्षणानेच गुरुत्वाकर्षण समजावण्यात काय हशील? शिवाय घर्षणामुळे गोटी दोन फेऱ्यांत मध्ये जाऊन बसते आणि बघणाऱ्याला वाटतं ग्रहांचंही असंच होतं.

त्यापेक्षा पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घे. दाभण तापवून बुडाशी दोन भोकं पाड (हे अण्णांकडून करून घे). रंगीत पाणी भर, झाकण लावू नकोस. धार लागेल. आता ती उंचावरून सोड. बाटली पडत असेपर्यंत धार बंद! भोकं तीच, पाणी तेच, पण वरच्या पाण्याचा खालच्यावर दाबच उरत नाही, म्हणून बाहेर येत नाही. मग तीच बाटली हातातून वर उडव. वर जातानाही धार बंद असते. हात सुटला त्या क्षणापासून ती मुक्त पतनातच आहे, दिशा वर असो, खाली असो की आडवी. स्थानकाची सगळी गोष्ट या एका बाटलीत आहे. कोणाकडे स्लो मोशनचा मोबाईल असेल तर चित्रित करून घे.

आता सरांचं. अण्णांचं अर्धं बरोबर आहे, वर्गात चाळीस जणांसमोर पुन्हा विषय काढू नकोस. माणूस सगळ्यांसमोर मागे फिरत नाही, मी फिरलो नव्हतो. मधल्या सुट्टीत बाटली घेऊन जा आणि म्हण, “सर, मला एक कळत नाहीये, जरा बघता का?” बाटली त्यांच्याच हातात दे, त्यांनाच सोडू दे. धार थांबलेली डोळ्यांनी पाहिल्यावर विज्ञानाचा माणूस गप्प बसत नाही. पुढचं तेच शोधतील, कदाचित प्रदर्शनात तुझ्यापेक्षा जास्त तेच बोलतील. बोलू दे. आणि तरीही नाहीच ऐकलं, तर दहावीच्या विज्ञान भाग १ मधलं पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं आहे, शेजारच्या ताई-दादाकडून मागून आण. भारहीनता तिथे मुक्त पतनाशीच जोडलेली आहे. परीक्षेत ‘मुक्त पतनामुळे भारहीनता’ असंच लिही. या परीक्षेत एखादा गुण गेला तर जाऊ दे, बोर्डाचा पेपर त्या पुस्तकावरून तपासतात.

बाटली टाकताना खाली कोणी उभं नाही ना, ते बघ. आणि एक नको, तीन बाटल्या ने. पहिली पडते तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं.